छापखान्याचे भय

गेल्या आगमनकाळातील एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून मी साक्रिस्तीत पूजावस्त्रे उतरवीत होतो. तेवढ्यात आमच्या धर्मग्रामातील एक माउली निळ्या पुठ्ठ्याचे एक पुस्तक आणि गुळगुळीत कागदाचे एक मासिक पदराखाली झाकून आत आल्या. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. पांढरा सदरा घातलेले, छातीवर काळी नामपट्टी लावलेले दोन तरुण त्याच्या दारी येत, प्रेमाने बोलत, घरचे सामान हलवायलाही हात लावीत. सुट्टीवर येताना त्याने ही पुस्तके आणली होती आणि परतताना तो ती घरीच विसरला होता. "फादर, हे जाळू की विहिरीत टाकू?" असे त्या माउलीने विचारले. शेजारी उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ ट्रस्टींनी माझी वाट न पाहताच निकाल दिला, "जाळाच! त्यात विचारायचे काय?"

पुढे आठ-दहा दिवसांनी माझ्याहून वडील असलेल्या एका धर्मगुरुमित्रापाशी मी हा विषय काढला. या समाजाच्या वाङ्मयाविषयी आपल्या त्रैमासिकात लिहावे असा माझा मनोदय होता. ते म्हणाले, "लिहा की. त्यांच्या चुका दाखवा, लोकांना सावध करा. मात्र त्या निमित्ताने आपल्या घरातले काही काढू नका. आपल्या अंकात वाद नको."

वाचकहो, ट्रस्टींचे मत आणि माझ्या वडीलधाऱ्या मित्राचे मत वरवर पाहता वेगळे दिसते. माझ्या मते ते एकच आहे. एक छापलेला कागद जाळायला सांगते, दुसरे कागद छापूच नका म्हणते. आपले ठेवावे झाकून आणि दुसऱ्याचे पाहावे वाकून, ही आपल्याकडची जुनी रीत दोघांच्याही मुळाशी आहे. या रीतीविरुद्ध हा लेख आहे. त्यासाठी मी मॉर्मन समाजाच्या नियतकालिकांचाच इतिहास साक्षीला घेणार आहे. जो धर्मसमाज आपल्याच माणसांनी लिहिलेल्या सत्याला भितो त्याला ते सत्य टाळता येत नाही, ते परक्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी मात्र तो स्वतःवर ओढवून घेतो, हे त्या इतिहासाइतके स्पष्ट मला अन्यत्र कोठे आढळले नाही.

आधी भेद, मग बोध

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर माझ्या सौजन्याचा अर्थ संमती असा केला जाईल. या समाजाचे अधिकृत नाव 'येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची मंडळी' असे आहे. 'मॉर्मन' हे नाव वापरू नये असे त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ साली आवाहन केले. आपल्या वाचकांना तेच नाव ओळखीचे आहे म्हणून मी ते येथे वापरतो, त्यात अनादर नाही. परंतु त्यांचा देवविषयक विचार आणि आपला त्रैक्यावरील विश्वास यांत मूलभूत अंतर आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही नावे ते उच्चारतात, पण एकच परमेश्वर तीन व्यक्तींत आहे ही आपली श्रद्धा ते मानीत नाहीत. म्हणूनच ५ जून २००१ रोजी रोमच्या श्रद्धासिद्धांत विभागाने त्यांचा स्नानसंस्कार ग्राह्य नाही असा निर्णय दिला. कित्येक प्रॉटेस्टंट पंथांचा स्नानसंस्कार आपण मान्य करतो, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे गांभीर्य कळेल. प्रेषितांच्या मृत्यूनंतर सत्य मंडळी लोप पावली आणि ती १८३० साली न्यूयॉर्क राज्यात पुनःस्थापित झाली, हा त्यांचा दावाही आपल्याला मान्य होण्यासारखा नाही.

एवढे सांगून झाल्यावर मात्र आपले काम संपत नाही. ज्यांचा सिद्धांत आपल्याला मान्य नाही त्यांच्या अनुभवापासून शिकायचे नाही, असे कोणत्या शुभवर्तमानात लिहिले आहे? यहुद्यांना नकोशा असलेल्या शोमरोनी माणसालाच प्रभूने शेजारधर्माचा आदर्श म्हणून पुढे केले होते.

मक्याच्या शेतातील कागद

मॉर्मन पंथ छापखान्याच्या मांडीवर वाढला. मार्च १८३० मध्ये पाल्मायरा या गावी ग्रँडिन नावाच्या मुद्रकाने 'मॉर्मनचा ग्रंथ' छापला. पहिल्याच आवृत्तीच्या पाच हजार प्रती निघाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात, ६ एप्रिलला, जोसेफ स्मिथ यांनी मंडळीची स्थापना केली. दोन वर्षांत मिसूरी राज्यातील इंडिपेन्डन्स येथे डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्स यांच्या संपादकत्वाखाली 'द इव्हिनिंग अँड द मॉर्निंग स्टार' हे त्यांचे पहिले मासिक सुरू झाले. समाज नवा, माणसे गरीब, वस्ती सीमेवरची. तरीही चर्चच्या इमारतीआधी त्यांनी छापखाना उभारला.

त्या भागातील जुन्या रहिवाशांना हे नवे लोक सलत होते. मुक्त कृष्णवर्णीयांविषयी त्या मासिकात आलेल्या एका लेखाने ठिणगी पडली आणि २० जुलै १८३३ रोजी जमावाने छापखान्याची दुमजली इमारत जमीनदोस्त केली. यंत्र वरच्या मजल्यावरून खाली फेकले, छापून होत असलेल्या 'आज्ञांच्या ग्रंथा'चे सुटे कागद रस्त्यावर उधळले. त्या वेळी मेरी एलिझाबेथ व कॅरोलिन या रॉलिन्स कुटुंबातील दोन अल्पवयीन बहिणींनी हाताला लागतील तेवढे कागद उचलले, जवळच्या मक्याच्या शेतात धाव घेतली आणि माणसे शोधून निघून जाईपर्यंत त्या कागदांवर आडव्या पडून राहिल्या. त्या कागदांतूनच पुढे थोड्या प्रती बांधल्या गेल्या. त्या मुलींच्या श्रद्धेचा विषय आपल्याला मान्य नसेल, पण छापलेल्या शब्दासाठी जीव धोक्यात घालण्याची त्यांची वृत्ती वंदनीय होती, हे म्हणायला माझी लेखणी अडखळत नाही.

आता अकरा वर्षे पुढे या. इलिनॉय राज्यातील नावू हे नगर मॉर्मनांनी दलदल उपसून वसविले होते. जोसेफ स्मिथ तेथे मंडळीचे संदेष्टे होते आणि नगराचे महापौरही तेच होते. 'टाइम्स अँड सीझन्स' हे समाजाचे नियतकालिक नियमित निघत होते. परंतु त्या नियतकालिकात न येणाऱ्या गोष्टी नगरात कुजबुजल्या जात होत्या. नेत्यांनी गुप्तपणे बहुपत्नीत्व सुरू केले आहे, अनेक देव असल्याची शिकवण दिली जात आहे, धर्मसत्ता व राजसत्ता एकाच हाती एकवटली आहे, अशा त्या गोष्टी होत्या. विल्यम लॉ हे काही परके नव्हते. सर्वोच्च अध्यक्षमंडळात स्मिथ यांचे सल्लागार म्हणून ते बसले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ जून १८४४ रोजी 'नावू एक्स्पोझिटर' या वृत्तपत्राचा पहिला अंक काढला व या गोष्टी उघडपणे छापल्या. त्याची भाषा सौम्य नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पण नगरपालिकेने त्याला उत्तर दिले नाही. तिने त्या वृत्तपत्राला 'सार्वजनिक उपद्रव' ठरविले. १० जूनला महापौरांच्या आज्ञेने छापखाना फोडण्यात आला, खिळे रस्त्यावर विखुरले गेले, उरलेले अंक जाळण्यात आले. पहिला अंक हाच शेवटचा ठरला.

सतरा दिवसांनी, २७ जून रोजी, याच प्रकरणातून उद्भवलेल्या खटल्यात कोठडीत असताना कार्थेजच्या तुरुंगावर जमावाने हल्ला केला आणि जोसेफ स्मिथ व त्यांचे बंधू हायरम यांची हत्या केली. ती हत्या निंद्यच होती. कोणत्याही लेखाला गोळी हे उत्तर नाही, मग लिहिणारा कोणत्याही पंथाचा असो. पण इतिहासाचा क्रम पाहा. १८३३ साली ज्यांचा छापखाना जमावाने फोडला, त्यांनीच १८४४ साली आपल्याच बंधूंचा छापखाना फोडला. आणि ज्या गोष्टीसाठी तो फोडला ती खोटी होती काय? २९ ऑगस्ट १८५२ रोजी, उटाहमध्ये स्थिरावल्यावर, ऑर्सन प्रॅट यांनी मंडळीच्या परिषदेत बहुपत्नीत्व ही आपली शिकवण असल्याचे जाहीर केले आणि मंडळीच्याच 'डेझरेट न्यूज'ने ते छापले. आठ वर्षांपूर्वी ज्या शब्दांना 'उपद्रव' म्हटले होते, ते शब्द आता व्यासपीठावरून ऐकू आले.

जुना अंक ही साक्ष असते

धर्मसत्तेला नियतकालिकाचे एवढे भय का वाटते, याचे एक कारण मला येथे उमगते. मॉर्मन विचारात प्रकटीकरण सतत चालू असते, आजच्या संदेष्ट्याचा शब्द कालच्या शब्दाला मागे सारू शकतो. प्रवचन हवेत विरते. मासिकाच्या अंकावर मात्र तारीख असते. १८५४ ते १८८६ या काळात लिव्हरपूल येथे त्यांच्या नेत्यांच्या प्रवचनांचे 'जर्नल ऑफ डिस्कोर्सेस' या नावाने सव्वीस खंड प्रसिद्ध झाले. आदम हाच आपला देव, अशा अर्थाची ब्रिगम यंग यांची शिकवण त्याच्या पहिल्याच खंडात छापलेली आहे. १९७६ साली अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी तो सिद्धांत खोटा म्हणून धिक्कारला. छापील खंड नसता, तर असे काही कोणी म्हटलेच नव्हते असेही सांगता आले असते.

त्यांच्या नियतकालिकांची व्याप्ती थोडी नव्हती. १८४० साली मँचेस्टर येथे सुरू झालेले 'मिलेनियल स्टार' तब्बल १९७० पर्यंत चालले. त्यांच्या प्रचारकांची पावले आपल्याकडेही उमटली होती. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचे प्रचारक मुंबईत आले व पुण्यासही गेले, पण थोड्याच वर्षांत ते कार्य आटोपते घ्यावे लागले. उटाहमध्ये १८७२ ते १९१४ या काळात 'वूमन्स एक्स्पोनंट' हे पत्र स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालविले. एमेलिन वेल्स यांनी त्याचे दीर्घकाळ संपादन केले. मतदानाचा हक्क मागणारे हे पत्र त्याच वेळी बहुपत्नीत्वाचेही समर्थन करीत होते, हा त्यातील मोठा विरोधाभास. तरीही स्त्रियांचा आवाज म्हणून त्याचे मोल आहे. 'उटाह मॅगझिन'च्या लेखकांचे भाग्य मात्र वेगळे होते. व्यापार आणि खाणी यांविषयीच्या ब्रिगम यंग यांच्या धोरणावर त्यांनी टीका केली, म्हणून १८६९ साली विल्यम गॉडबी व त्यांचे सहकारी बहिष्कृत झाले. त्यांच्याच प्रयत्नांतून पुढे 'सॉल्ट लेक ट्रिब्यून' हे वृत्तपत्र उभे राहिले. घरातून घालवून दिलेल्या लेखणीने समोरच दुकान थाटले.

विसाव्या शतकात हीच कथा नव्या पोशाखात आली. १९४५ साली फॉन ब्रॉडी यांनी जोसेफ स्मिथ यांचे चरित्र लिहिले, १९४६ साली त्या बहिष्कृत झाल्या. १९५० साली जुआनिटा ब्रुक्स या श्रद्धाळू मॉर्मन बाईंनी १८५७ च्या माउंटन मेडोज हत्याकांडाचा इतिहास लिहिला. ११ सप्टेंबर १८५७ रोजी सुमारे एकशेवीस प्रवाशांची कत्तल झाली होती आणि तिचे खापर प्रामुख्याने पाय्यूट आदिवासींच्या माथी फोडण्यात येत होते. कत्तलीचा बेत आखणारे व तो पार पाडणारे स्थानिक मॉर्मन सैनिकदलाचे लोक होते, हे ब्रुक्सबाईंनी कागदपत्रांनिशी दाखविले. त्या बहिष्कृत झाल्या नाहीत, पण मंडळीच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. बरोबर दीडशे वर्षांनी, २००७ साली, त्याच भूमीवर मंडळीच्या एका प्रेषिताने खेद व्यक्त करणारे निवेदन वाचले.

१९७० अखेर मंडळीने आपली जुनी मासिके बंद केली. स्त्रियांनी संपादित केलेले 'रिलीफ सोसायटी मॅगझिन'ही त्यात गेले. १९७१ पासून मध्यवर्ती समितीच्या नजरेखालील 'एन्साइन' घरोघर जाऊ लागले, २०२१ पासून त्याची जागा 'लियाहोना'ने घेतली. ही मासिके सुबक असतात. माझ्या टेबलावरच्या अंकात हसरी कुटुंबे आहेत, नेत्यांची प्रवचने आहेत. प्रश्न मात्र एकही नाही.

प्रश्न दुसरीकडे गेले होते. १९६६ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे युजीन इंग्लंड, वेस्ली जॉन्सन आदी तरुणांनी 'डायलॉग' नावाचे स्वतंत्र त्रैमासिक सुरू केले. ते आजही निघते. ही माणसे मंडळीची शत्रू नव्हती. रविवारी प्रार्थनेला जाणारी, मुलांना शिकविणारी ती श्रद्धावान माणसे होती. श्रद्धा आणि विचार एकाच घरात नांदू शकतात, एवढाच त्यांचा आग्रह होता.

त्या त्रैमासिकाची दोन उदाहरणे देतो. जोसेफ स्मिथ यांनी १८३५ साली काही इजिप्शियन ममी व पपायरस विकत घेतले होते. त्यांचे भाषांतर म्हणून 'अब्राहामाचा ग्रंथ' १८४२ साली 'टाइम्स अँड सीझन्स'मध्ये क्रमशः छापला गेला. तो ग्रंथ पुढे त्यांच्या धर्मशास्त्रात समाविष्ट झाला. पपायरस नष्ट झाला असे मानले जात असता, १९६७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्याचे काही तुकडे मंडळीच्या स्वाधीन केले. १९६८ साली 'डायलॉग'ने ते तुकडे इजिप्तविद्येच्या जाणकारांपुढे ठेवले आणि त्यांची भाषांतरे प्रसिद्ध केली. तो मजकूर मृतांसोबत ठेवावयाच्या विधिग्रंथांचा होता, त्यात अब्राहामाचा उल्लेखही नव्हता. दुसरे उदाहरण कृष्णवर्णीयांचे. १८५२ पासून त्यांना मंडळीत पौरोहित्याचा अधिकार नाकारला जात होता आणि ही देवाचीच आज्ञा, असे सांगितले जात होते. लेस्टर बुश या मॉर्मन डॉक्टरांनी १९७३ साली 'डायलॉग'मध्ये दीर्घ लेख लिहून दाखविले की ही बंदी जोसेफ स्मिथ यांच्यापासून चालत आल्याचा पुरावा नाही. जून १९७८ मध्ये मंडळीने ती बंदी उठविली.

अशा लेखकांचे आभार मानावयास हवे होते. १९८१ साली मात्र प्रेषित बॉइड पॅकर यांनी मंडळीच्या इतिहासशिक्षकांना बजावले की सत्य असलेली प्रत्येक गोष्ट उपयुक्त असतेच असे नाही. आणि मे १९९३ च्या एका भाषणात त्यांनी मंडळीसमोरील तीन धोके सांगितले, त्यांत 'तथाकथित विद्वान' हा एक होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सहा लेखक-अभ्यासकांवर कारवाई झाली, त्यांपैकी पाच जण बहिष्कृत झाले. त्यांतील लाविना फील्डिंग अँडरसन यांचा अपराध काय? विचारवंतांवर मंडळीने आणलेल्या दडपणाच्या घटना तारीखवार नोंदवून त्यांनी 'डायलॉग'मध्ये छापल्या. दडपणाची नोंद केली म्हणून दडपण! या बाईंनी मंडळी सोडली नाही. बहिष्कृत असूनही त्या आपल्या प्रार्थनामंदिरात वर्षानुवर्षे जात राहिल्या. २०१९ साली त्यांचा पुनःप्रवेशाचा अर्ज नाकारण्यात आला. २०२३ साली त्या वारल्या, बहिष्कृत स्थितीतच.

आणि आता शेवटचा अंक. २०१३ पासून मंडळीने स्वतःच अवघड विषयांवर निबंध प्रसिद्ध केले. पपायरसाच्या उपलब्ध तुकड्यांवरील अक्षरे 'अब्राहामाच्या ग्रंथा'शी जुळत नाहीत, कृष्णवर्णीयांविषयीची जुनी समर्थने टाकाऊ आहेत, जोसेफ स्मिथ यांनी अनेक विवाह केले होते, हे सारे त्यांत आले. २००८ ते २०२३ या काळात स्मिथ यांच्या कागदपत्रांचे सत्तावीस खंड मंडळीनेच छापले. हे काम निःसंशय प्रशंसनीय आहे. परंतु तोवर एक पिढी हातातल्या फोनवर हेच सर्व परक्यांकडून वाचून बसली होती. त्या तरुणांना जुन्या चुकांनी जेवढे दुखविले, त्याहून अधिक एका प्रश्नाने दुखविले: 'हे तुम्हाला ठाऊक होते, मग आम्हाला का सांगितले नाही?' कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही. फक्त उजाडल्यावर झाकणाऱ्याची नाचक्की होते.

आपल्या अंगणात

"पण फादर, तो त्यांचा प्रश्न. आपली मंडळी तर खडकावर बांधलेली!" असे कोणी म्हणेल. खडकावर बांधलेल्या घराने वाऱ्याला भिण्याचे कारण नाही, हेच तर मी सांगतो आहे. तरीही आपण भ्यालो, हे नाकारता येईल काय? १५५९ साली सुरू झालेली आपली निषिद्ध ग्रंथांची सूची १९६६ पर्यंत अस्तित्वात होती. ईव्ह कोंगार या थोर डोमिनिकन ईशज्ञान्याला १९५४ साली अध्यापनास बंदी झाली, देशाबाहेर राहावे लागले. पुढे पोप जॉन तेविसावे यांनी त्यांनाच परिषदेच्या तयारीसाठी पाचारण केले आणि १९९४ साली ते कार्डिनल झाले. कोंगार यांच्या हयातीतच त्यांना न्याय मिळाला, सर्वांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. आणि २००२ साली बॉस्टन येथे धर्मगुरूंकडून झालेल्या बालशोषणाची व ते दडपले गेल्याची वार्ता जगाला प्रथम कोणी सांगितली? आपल्या धर्मप्रांतीय पत्रांनी नव्हे, एका दैनिकाने. ते वाचताना मला धर्मगुरू म्हणून जी शरम वाटली ती शब्दांत सांगता येत नाही. आपल्याच नियतकालिकांना वीस वर्षे आधी बोलू दिले असते, तर किती लेकरे वाचली असती!

आपल्याच मंडळीची शिकवण मात्र भित्री नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८८१ साली व्हॅटिकनचे दप्तर अभ्यासकांना खुले केले, आणि इतिहासकाराने खोटे सांगण्याचे धाडस करू नये व खरे सांगण्यास भिऊ नये, हा नियम दोन वर्षांनी लिहून ठेवला. पोप पायस बारावे यांनी १९५० साली कॅथलिक पत्रकारांना सांगितले की मंडळीत लोकमत नसेल तर तिच्या जीवनात उणीव राहील. १९७१ च्या संपर्कमाध्यमांविषयीच्या रोमच्या मार्गदर्शनपत्रानेही मंडळीतील मुक्त संवादाचा पुरस्कार केला. मंडळीच्या कायद्याचे २१२ वे कलम तर प्रापंचिकांनी आपले मत मांडणे हा त्यांचा अधिकार, आणि प्रसंगी कर्तव्यही, असे म्हणते. ज्या सूचना रोमने दिल्या त्या आपल्या धर्मग्रामाच्या वेशीवर का अडतात?

"साध्याभोळ्या भाविकांची श्रद्धा डळमळेल," हा ठरलेला आक्षेप आहे. मला विचारावेसे वाटते की हे साधेभोळे भाविक आहेत तरी कोण? माझ्या धर्मग्रामातील कोळीणबाईचा नातू तिला फोनवर जगातली प्रत्येक बातमी वाचून दाखवितो. भाविकांना भोळे मानणे ही आपली सोय आहे, त्यांची अवस्था नव्हे. संत पौलाने नवख्यांना दूध दिले हे खरे, पण त्यांनी जन्मभर दुधावरच राहावे अशी त्याची इच्छा नव्हती.

याचा अर्थ कोणीही काहीही छापावे असा नाही. पापनिवेदनाचे रहस्य रहस्यच राहील. कोणाच्या घरातील दुःख हा लेखाचा विषय नव्हे. धर्मग्रामांच्या नोंदवह्यांची छायाचित्रे उटाहच्या वंशावळी-संस्थेला देऊ नयेत, अशी सूचना २००८ साली रोमने दिली आणि ती मला रास्त वाटते, कारण मृतांच्या नावे त्यांचा स्नानसंस्कार होऊ नये ही त्यामागची काळजी आहे. लेखाखाली नाव हवे, विधानाला पुरावा हवा, ज्याच्यावर टीका केली त्याला उत्तराची जागा हवी. ही शिस्त झाली. भीती निराळी असते. लेख वाचून 'हे खरे आहे का?' असे विचारते ती शिस्त, आणि 'हे कोणी लिहिले?' असे विचारते ती भीती.

दुसरा प्रश्न मी स्वतः विचारला आहे. अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना एका निवृत्त शिक्षकांनी तेथील पत्रिकेसाठी लेख दिला. सणाच्या रोषणाईवर होणारा खर्च आणि दफनभूमीसाठी गरीब कुटुंबांकडून घेतली जाणारी रक्कम, यांची त्यांनी शांतपणे तुलना केली होती. आकडे आमच्याच फलकावरचे होते. मी तो लेख परत केला. 'पत्रिका ही ऐक्यासाठी आहे, मास्तर,' असे काहीसे मी म्हणालो. मास्तरांनी वाद घातला नाही. ते मिस्सेला येत राहिले, त्याच डावीकडच्या बाकावर बसत राहिले, फक्त पुन्हा त्यांनी कधी काही लिहिले नाही. माझी बदली झाल्यावर काही वर्षांनी ते वारले. लाविनाबाईंविषयी वाचताना मला तो बाक आठवला. मी कोणाला बहिष्कृत केले नव्हते, कोणाचे यंत्र फोडले नव्हते. पण नावूच्या महापौरांनी जे मोठ्या प्रमाणावर केले, ते मी एका पाकिटात लेख घालून परत पाठवून केले होते. मास्तरांचा लेख छापला असता तर कदाचित दोन-तीन कुटुंबांना मर्तिकासाठी कर्ज काढावे लागले नसते. त्याबद्दल मी येथे, छापील अक्षरांत, क्षमा मागतो.

म्हणून आपल्या धर्मग्रामांकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पत्रिकेत वाचकांच्या पत्रांना जागा असावी आणि त्यांत प्रशंसेखेरीज इतर पत्रेही असावीत. वर्षाचा हिशेब फलकावर लागतो तसा पत्रिकेतही छापावा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत धर्मगुरूंच्या छायाचित्रांबरोबर धर्मग्रामात झालेली भांडणे आणि चुकाही प्रामाणिकपणे नोंदविल्या जाव्यात. आणि तरुणांनी विचारलेल्या प्रश्नाला 'असे विचारू नये' हे उत्तर देण्याची प्रथा आपण सोडावी. तो अमेरिकेतील मुलगा त्या दोन तरुणांशी तासन्‌तास का बोलत बसला, हे मी त्याला फोन करून विचारले. तो म्हणाला, "फादर, ते माझे ऐकून घेत होते." त्यांच्या सिद्धांताने त्याला ओढले नव्हते. आपल्याकडे त्याचे कोणी ऐकले नव्हते, एवढेच. आता आम्ही दर पंधरा दिवसांनी बोलतो. तो विचारतो आणि मला येत नाही ते मी शोधून सांगतो.

निळे पुस्तक आणि ते मासिक अद्याप माझ्याकडे आहे. त्या माउलीला मी सांगितले आहे की ती जाळायची नाहीत, मुलगा पुढच्या सुट्टीत आला की आपण तिघे बसून वाचू. माझ्या वडीलधाऱ्या मित्राला हा लेख आवडणार नाही, हे मी जाणतो. ट्रस्टींनाही कदाचित नाही. दोघांनीही मला उत्तर लिहावे, आणि संपादकांनी ते, कितीही कठोर असले तरी, पुढच्याच अंकात छापावे, ही माझी विनंती आहे.